मृत्युपत्रापाशी थांबू नका : अमेरिकेतल्या काउंटी कोर्टांची जुनी वारसा आणि पालकत्वाची दप्तरं कशी वाचावीत

अब्राहम लिंकन पेशानं वकील होते, तरी स्वतःचं मृत्युपत्र न करताच गेले. १५ एप्रिल १८६५ रोजी त्यांचं निधन वॉशिंग्टनमध्ये झालं, पण मालमत्तेचं प्रकरण उभं राहिलं इलिनॉय राज्यात, स्प्रिंगफील्डला, सँगमन काउंटीच्या कोर्टात. कारण त्यांचं कायमचं घर तिथं होतं. त्यांचे जुने स्नेही आणि सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांनी सगळी व्यवस्था पाहिली आणि त्याचा मेहनताना घेतला नाही. १८६७ मध्ये १ लाख १० हजार डॉलरांहून थोडी अधिक रक्कम पत्नी मेरी आणि रॉबर्ट व टॅड हे दोन मुलगे यांच्यात सारखी वाटली गेली. वडील गेले तेव्हा टॅड १२ वर्षांचा होता, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान. पुढे मे १८७५ मध्ये शिकागोला, कुक काउंटीच्या कोर्टात, ज्युरीनं मेरी लिंकन यांना वेडसर ठरवलं आणि त्यांची मालमत्ता सांभाळायला मुलाचीच, रॉबर्टची, नेमणूक झाली. जून १८७६ मध्ये दुसऱ्या ज्युरीनं त्यांचा अधिकार त्यांना परत दिला.

एका राष्ट्राध्यक्षाच्या घरातली ही दुःखं काउंटी कोर्टाच्या साध्या कागदांत नोंदलेली आहेत. शेतकरी, लोहार, विधवा, पोरकी मुलं, गुलामगिरीत डांबलेली माणसं यांच्या आयुष्यातल्या अशाच घडामोडी त्याच कपाटांत, त्याच तऱ्हेच्या कागदांत सापडतात. अमेरिकेत राहणारे अनेक मराठी लोक आता या कागदांकडे वळतात. कुणाला आपल्या जुन्या घराचे आधीचे मालक शोधायचे असतात, कुणाच्या सुनेचं किंवा जावयाचं घराणं तिथलं असतं, कुणाच्या नातवंडाला शाळेत वंशावळीचा प्रकल्प दिलेला असतो, कुणी इतिहासाचा अभ्यासक असतो. या वाटेवर नव्यानं पाऊल टाकणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

बहुतेक नवखे मृत्युपत्र शोधतात, ते सापडलं की छायाचित्र जतन करतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. माझं आग्रहाचं सांगणं याच्या उलट आहे. मृत्युपत्र हा प्रकरणातला सगळ्यात लहान आणि पुष्कळदा सगळ्यात मुका कागद असतो. खरं बोलतात ते पैशांचे कागद: याद्या, लिलाव, पावत्या, पालकांचे वार्षिक हिशेब.

पहिलं काम : माणूस, जागा, साल

शोधाला बसण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: माणसाचं नाव, तो वारला तेव्हा त्याचं कायमचं वास्तव्य कुठल्या काउंटीत होतं, आणि मृत्यूचं अंदाजे साल. मृत्यूची जागा आणि प्रकरणाची जागा एकच असेल असं धरून चालू नका. स्थावर मालमत्ता दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या काउंटीतही कागद पाहावे लागतात. लिंकन यांच्या नावे आयोवा राज्यातही जमीन होती. तिचा माग काढायचा तर आयोवातल्या खरेदीखतांकडे जावं लागतं.

यानंतरची अडचण काउंटीच्या हद्दींची. तालुके फोडून नवे तालुके होतात तशा तिथं काउंट्या फुटत गेल्या, आणि जुनं दप्तर सहसा मूळ काउंटीतच राहिलं. १८३९ मध्ये सँगमन काउंटीतून मेनार्ड, लोगन आणि डेन या नव्या काउंट्या निघाल्या. डेनचं नाव पुढे ख्रिश्चन काउंटी झालं. तरुणपणी लिंकन ज्या न्यू सेलम गावात राहिले ते आज मेनार्ड काउंटीत आहे. त्या गावातला कुणी १८३५ मध्ये वारला असेल तर त्याचे कागद स्प्रिंगफील्डला शोधायचे. १८४५ मध्ये वारला असेल तर मेनार्डच्या पीटर्सबर्गला. माणूस घरातून हललाही नाही, पण काउंटी बदलली. हे तपासायला शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीनं तयार केलेला ऐतिहासिक काउंटी हद्दींचा नकाशासंग्रह इंटरनेटवर मोफत आहे. तारीख टाकली की त्या दिवशीच्या हद्दी दिसतात. हे काम पाच मिनिटांचं आहे. ते टाळलं की आठवडे वाया जातात.

कोर्टाचं नाव राज्यागणिक वेगळं

वारसा आणि पालकत्वाचं काम सगळीकडे एकाच नावाच्या कोर्टात चालत नसे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत ते सरोगेट कोर्ट. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमध्ये ऑर्फन्स कोर्ट, आणि मृत्युपत्रं नोंदवणारा अधिकारी म्हणजे रजिस्टर ऑफ विल्स. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रोबेट कोर्ट (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करणं). जॉर्जियात दीर्घकाळ कोर्ट ऑफ ऑर्डिनरी. नॉर्थ कॅरोलायनात १८६८ पर्यंत कोर्ट ऑफ प्लीज अँड क्वार्टर सेशन्स, नंतर सुपीरियर कोर्टाचा क्लार्क. ओहायोत १८५१ च्या राज्यघटनेनंतर प्रोबेट कोर्ट, त्याआधी कॉमन प्लीज. कॅलिफोर्नियात १८८० पासून सुपीरियर कोर्ट. कनेक्टिकटमध्ये काउंटीऐवजी प्रोबेट डिस्ट्रिक्ट, आणि ऱ्होड आयलंडमध्ये तर प्रत्येक गावाचं आपलं दप्तर. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात आणि कायदा फ्रेंच-स्पॅनिश परंपरेतला, त्यामुळे तिथं वारसाप्रकरण सक्सेशन या नावानं आणि पालकत्व ट्यूटरशिप या नावानं नोंदलेलं मिळतं.

हे पाठ करायची गरज नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाच्या विकीवर प्रत्येक काउंटीचं पान आहे. कुठल्या सालापासून कुठलं दप्तर शिल्लक आहे, कुठल्या साली कोर्ट जळलं, हे तिथं एका तक्त्यात दिलेलं असतं. काम सुरू करण्याआधी ते पान वाचून घ्या.

मुंबई हायकोर्टात वारसाचं काम केलेल्यांना बरेच शब्द ओळखीचे वाटतील. प्रोबेट, एक्झिक्युटर, लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन ही भाषा आपल्याकडे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात आहे आणि अमेरिकेतही तीच, कारण दोन्हींचं मूळ इंग्लंडच्या कायद्यात आहे. मृत्युपत्रात नेमलेला तो एक्झिक्युटर, त्याला मिळतात लेटर्स टेस्टामेंटरी. मृत्युपत्र नसेल तर कोर्ट नेमतं तो ॲडमिनिस्ट्रेटर, त्याला लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन. मृत्युपत्र आहे पण नेमलेला माणूस काम करायला तयार नाही किंवा हयात नाही, अशा वेळी कोर्टानं नेमलेल्या माणसापुढे लॅटिन शब्दांची आद्याक्षरं लिहिलेली असतात: सी. टी. ए. आणि अर्धवट राहिलेलं काम पुरं करणाऱ्यापुढे डी. बी. एन. यांतलं डी. बी. एन. दिसलं की समजा, आधी कुणीतरी नेमलेला होता आणि त्याचेही कागद कुठेतरी असणार.

कागद मिळवायचे कुठून

फॅमिलीसर्च ही लॅटर-डे सेंट्स चर्चची संस्था. १९३८ पासून त्यांनी जगभरातल्या दप्तरांची मायक्रोफिल्म केली आणि आता तीच छायाचित्रं संकेतस्थळावर ठेवली आहेत. खातं मोफत. काही संच घरून दिसतात, काही फक्त त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात. अँसेस्ट्री या वंशावळीच्या दुसऱ्या संकेतस्थळावर अनेक राज्यांचा मोठा संग्रह आहे, तो पैसे भरून. पण अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत तो मोफत वापरता येतो, आधी तिथं विचारा.

२०२४ मध्ये फॅमिलीसर्चनं हस्तलिखितांच्या आतल्या मजकुरात शोधायची सोय सुरू केली. यंत्र जुनं अक्षर वाचतं आणि नाव पानाच्या पोटात कुठंही असलं तरी शोधून देतं. याचा मोठा फायदा म्हणजे आता साक्षीदार, जामीनदार, लिलावात भांडं विकत घेणारी शेजारीण, सगळेच सापडू शकतात; पूर्वीच्या सूचीत फक्त मृताचं नाव असे. पण यंत्र चुकीचंही वाचतं, म्हणून नाव सापडलं नाही तर माणूस नव्हताच असं ठरवू नका. हातानं बनवलेली सूची आणि पानंही चाळा. काही काउंट्यांत, विशेषतः पेनसिल्व्हेनियात, रसेल सूची असते. तीत आडनावातलं पहिलं अक्षर सोडून पुढे एल, एम, एन, आर, टी यांपैकी जे आधी येतं त्यावरून पान ठरतं. पहिल्यांदा गोंधळायला होतं, पण सूचीच्या सुरुवातीला रीत छापलेली असते.

आता एक फरक मनात पक्का करा. विल बुक, म्हणजे मृत्युपत्रांची वही, ही क्लार्कनं उतरवलेली नक्कल असते. तिच्यातली सही मृताची नसते, क्लार्कच्या हातची असते. मूळ कागद वेगळ्या पाकिटात घडी घालून ठेवलेले असतात. त्यांना लूज पेपर्स, एस्टेट फाइल किंवा प्रोबेट पॅकेट म्हणतात. वही पाहून झाली की पाकीट मागा. कोर्टात ते नसेल तर राज्याच्या अभिलेखागारात विचारा: मेरीलँडसाठी ॲनापोलिस, व्हर्जिनियासाठी रिचमंडची लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया, न्यू जर्सीच्या १९०० पर्यंतच्या मृत्युपत्रांसाठी ट्रेंटनचं स्टेट आर्काइव्ह्ज.

पाकीट उघडल्यावर

कागद घडले त्या क्रमानं लावून वाचा. सहसा ते विस्कटलेले असतात आणि स्कॅन करणाऱ्यानं जसे हाती आले तसे टिपलेले असतात.

सर्वांत आधी अर्ज. यात मृत्यूची तारीख आणि वारसांची नावं असतात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर प्रत्येक वारसाचं वय आणि गावही. अमेरिकेच्या जनगणनेत १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, आणि घरातल्या माणसांचं प्रमुखाशी नातं १८८० पासून लिहू लागले. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाले. या सगळ्या भोकांमध्ये कोण कुणाचं कोण हे सांगणारा कागद पुष्कळदा हा अर्जच असतो.

मग बाँड. व्यवस्था पाहणाऱ्याला जामीन द्यावा लागे, साधारण मालमत्तेच्या अंदाजित किमतीच्या दुप्पट. त्यावर सह्या करणारे जामीनदार कोण, याकडे बारकाईनं पाहा. दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर आपली जमीन डावावर लावणारा माणूस सहसा परका नसतो: विधवेचा भाऊ, मोठा जावई, चुलता. बाईचं माहेरचं आडनाव दुसरीकडे कुठंच मिळत नसेल तर जामीनदारांची घराणी तपासायला घ्या. पुरावा म्हणून तेवढं पुरत नाही, पण वाट बहुतेक वेळा बरोबर दाखवतं.

त्यानंतर मालमत्तेची यादी. कोर्ट बहुधा तीन जाणत्या शेजाऱ्यांना नेमत असे. ते घरात, कोठारात फिरून प्रत्येक वस्तूची किंमत लिहीत. आपल्याकडचा पंचनामा डोळ्यासमोर आणा. यादीचा क्रम बहुतेकदा चालत जाण्याचा क्रम असतो, त्यामुळे ती सावकाश वाचली तर घराचा नकाशा उलगडत जातो: पुढची खोली, स्वयंपाकघर, माडी, गोठा. माग आणि चरखा दिसला तर घरात कापड विणलं जात होतं. दोनच पुस्तकं असतील तर त्यांतलं एक बहुधा बायबल. जमीन मात्र अनेक राज्यांत या यादीत येत नसे, म्हणून यादीतला आकडा म्हणजे सगळी संपत्ती असं मानू नका. १७९० च्या आधीच्या याद्या पौंड-शिलिंग-पेन्समध्ये असतात, आणि प्रत्येक वसाहतीचा पौंड वेगळा होता. दोन वसाहतींच्या याद्यांची थेट तुलना करू नका.

दक्षिणेतल्या राज्यांच्या याद्यांमध्ये गाई-घोड्यांच्या ओळींखाली माणसांची नावं येतात. नाव, कधी वय, आणि पुढे डॉलरमध्ये किंमत. आईबरोबर तान्हं मूल एकाच ओळीत, म्हाताऱ्या माणसापुढे शून्य. हे वाचताना हात थांबतो, आणि थांबायलाच हवा. पण ते पान उलटून पुढे जाऊ नका, कारण १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या तक्त्यांत मालकाचं नाव आहे, गुलामांची नावं जवळपास नाहीतच. सर्व कृष्णवर्णीय माणसं नावानिशी पहिल्यांदा जनगणनेत आली ती १८७० मध्ये. त्याआधीच्या पिढ्या शोधणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांना या याद्या, वाटणीपत्रं आणि पालकांचे हिशेब हाच मोठा आधार आहे. अशी यादी तुम्हाला मिळाली, ती तुमच्या शोधाशी संबंधित नसली तरी, त्यातली प्रत्येक व्यक्ती नावासकट उतरवून घ्या आणि वंशावळीच्या एखाद्या खुल्या संग्रहात ठेवा. कुणीतरी त्याच नावाच्या शोधात असेल.

यादीनंतर लिलावाचा कागद. वस्तू, घेणारा, रक्कम. यात सगळं गाव दिसतं. बऱ्याच लिलावांत विधवा स्वतःच बोली लावून आपला पलंग, आपली कढई, दुभती गाय परत विकत घेताना दिसते. पुढे अनेक राज्यांनी विधवेसाठी वर्षभराचा शिधा आणि काही वस्तू बाजूला काढून ठेवायचे कायदे केले. तो वेगळा कागद असतो आणि त्यात धान्य, डुकराचं मांस, कॉफी, मीठ किती लागेल याचा हिशेब मांडलेला असतो. जमिनीत विधवेचा हक्क डॉवर या नावानं असे, सहसा एक तृतीयांश हिस्सा आणि तोही तिच्या हयातीपुरता. तो मोजून देताना नकाशा काढला जाई. असा नकाशा मिळाला तर घर, विहीर, ओढा नेमके कुठं होते ते कळतं.

शेवटी हिशेब आणि वाटणी. पावत्यांच्या चिठ्ठ्यांमध्ये डॉक्टरचं शेवटचं बिल असतं, त्यात भेटींच्या तारखा असतात. म्हणजे आजारपण किती दिवस चाललं ते समजतं. शवपेटी करणाऱ्या सुताराची पावती असते. आणि वाटणीच्या पावत्यांवर मुलींच्या नवऱ्यांच्या सह्या असतात. मृत्युपत्रात फक्त पहिलं नाव असलेली मुलगी इथं लग्नानंतरच्या आडनावासह भेटते. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता त्या काळी नवऱ्याच्या ताब्यात जाई; हे बदलायला मिसिसिपीत १८३९ च्या आणि न्यूयॉर्कमध्ये १८४८ च्या कायद्यानं सुरुवात झाली. म्हणून जुन्या दप्तरात विवाहित स्त्रीचं स्वतंत्र प्रकरण क्वचित मिळतं, विधवेचं मात्र मिळतं.

पालकत्वाचे कागद

माझ्या मते या सगळ्या दप्तराचं काळीज इथं आहे, आणि सर्वांत कमी वाचलं जातं तेही हेच.

ज्यांनी सातबाऱ्यावर अ.पा.क. हा शेरा पाहिलाय, म्हणजे अज्ञान मुलाच्या नावापुढे पालनकर्त्याचं नाव, त्यांना मूळ कल्पना समजावून सांगायला नको. मुलाच्या नावे मालमत्ता आली की ती सांभाळायला कोर्ट कुणालातरी जबाबदार धरतं. पण काही बाबतींत तिथली जुनी पद्धत आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळी होती. वडील वारले की मुलाला ऑर्फन लिहीत, मग आई घरात हयात का असेना. हे माहीत नसल्यानं आईचाही मृत्यू झाला असं नोंदवलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत. आई मुलांना वाढवत असे, पण मालमत्तेचा पालक तीच होईल असं नव्हतं. बऱ्याचदा चुलता, मामा किंवा आईनं दुसरं लग्न केलं तर सावत्र बाप नेमला जाई. उलट वडील हयात असतानाही पालक नेमलेला दिसतो: आजोबांनी नातवाच्या नावे काही ठेवलं तर त्या मालमत्तेपुरता वडिलांनाही कोर्टात येऊन जामीन द्यावा लागे.

वय काढायला हे कागद उत्तम. लहान मुलांचा पालक कोर्ट निवडे, पण बहुतेक राज्यांत १४ वर्षं पूर्ण झालेलं मूल, काही ठिकाणी मुलगी १२ वर्षांची, कोर्टापुढे उभं राहून स्वतः पालक निवडू शके. एकाच कुटुंबातल्या दोन मुलांनी पालक निवडला आणि तिघांना कोर्टानं नेमून दिला, तर चौदाची रेषा कुठं पडते ते लगेच कळतं. पालकत्व संपलं आणि अंतिम हिशेब झाला, की मुलगा २१ चा झाला असं धरता येतं. मुलींचं वय राज्याप्रमाणे १८ किंवा २१, आणि काही ठिकाणी लग्न झालं की पालकत्व संपे. नेमणुकीचा दिवस, निवडीचा दिवस, अंतिम पावतीचा दिवस या तीन तारखा एका ओळीत मांडल्या तर जन्माचं साल बहुतेकदा एका वर्षाच्या फरकानं मिळतं.

वार्षिक हिशेब मात्र सावकाश वाचायला बसा. पालकाला दरवर्षी जमाखर्च द्यावा लागे. जोड्यांची जोडी, शाळेची फी, पाटी, टोपीचं कापड, राहण्या-जेवणाचे पैसे कुणाला दिले. राहण्याचे पैसे आईलाच दिलेले असतील तर मुलं आईजवळ होती. एका वर्षी ते दुसऱ्याच्या नावे गेले तर मुलं घर सोडून गेली; का गेली ते शोधा. दक्षिणेत या हिशेबांत गुलाम माणसांना वर्षावर्षाच्या करारानं भाड्यानं दिल्याच्या नोंदी असतात. मुलाच्या शाळेची फी ज्या पैशातून भरली गेली तो पैसा कुणाच्या श्रमाचा होता, हे त्याच पानावर वरखाली लिहिलेलं आहे.

मालमत्ता नसलेल्या पोरक्या मुलांचे कागद वेगळ्या वहीत असतात. त्यांना कोर्ट करारानं एखाद्या कारागिराकडे किंवा शेतकऱ्याकडे बांधून देई. मेरीलँडमध्ये १ नोव्हेंबर १८६४ रोजी गुलामगिरी संपली, आणि त्यानंतर लगेच ऑर्फन्स कोर्टांनी हजारो कृष्णवर्णीय मुलांना, आईबाप हयात असतानाही, जुन्याच मालकांकडे असं बांधून दिलं. एलिझाबेथ टर्नर या मुलीच्या प्रकरणात १८६७ मध्ये सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी असा करार अवैध ठरवला. या वह्या वाचताना कोर्टानं मुलाच्या भल्याचं म्हणून जे लिहिलंय ते जसंच्या तसं स्वीकारू नका. करारात दुसऱ्या बाजूला कोण आहे ते पाहा.

ओक्लाहोमाबद्दलही हेच. २७ मे १९०८ च्या केंद्रीय कायद्यानं चेरोकी, चोक्टॉ, चिकासॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच मूलनिवासी राष्ट्रांच्या अज्ञान मुलांच्या जमिनी काउंटी कोर्टांच्या अधिकाराखाली आल्या. जमिनीखाली तेल निघालं आणि पालकत्व हा धंदा झाला. १९२४ मध्ये इंडियन राइट्स असोसिएशननं छापलेल्या अहवालात, ज्याच्या लेखकांत गर्ट्रूड बॉनिन म्हणजे झिटकला-शा होत्या, या लुटीची प्रकरणं मांडली आहेत. ओसेज काउंटीत तर ओसेज या मूलनिवासी राष्ट्राच्या प्रौढ माणसांवरही पालक लादले गेले. एखाद्या पालकाच्या हाताखाली बरीच, एकमेकांशी नातं नसलेली मुलं दिसली तर तो धोक्याचा बावटा समजा.

आणि एक धागा भारतीयांपर्यंत येतो. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यानं नागरिकत्वास अपात्र परदेशीयांना शेतजमीन घ्यायला बंदी केली. जपानी शेतकऱ्यांनी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे जमीन घेऊन स्वतः पालक व्हायला सुरुवात केली. १९२० च्या सुधारित कायद्यानं तेही बंद करायचा प्रयत्न केला. हायाओ यानो यांच्या प्रकरणात १९२२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं बापाचा पालक होण्याचा हक्क मान्य केला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवलं, त्यानंतर भारतीयही त्याच बंदीखाली आले, आणि इंपीरियल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांनीही मुलांच्या नावांचा मार्ग धरला. त्या भागातल्या पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांचा शोध घेणाऱ्यानं सुपीरियर कोर्टाची पालकत्वाची सूची पाहिल्याशिवाय शोध संपला असं म्हणू नये.

चुकीचे निष्कर्ष टाळण्यासाठी

मृत्युपत्रात मुलाचं नाव नाही म्हणजे त्याला तोडलं, असं नसतं. थोरल्याला लग्नाच्या वेळीच जमीन देऊन झालेली असे, खरेदीखतं पाहा. एक डॉलर ठेवणं हेही पुष्कळदा भांडण नसून हिस्सा आधीच मिळाल्याची खूण असते. मृत्युपत्राची तारीख आणि ते कोर्टात सिद्ध झाल्याची तारीख या दोहोंच्या मध्ये मृत्यू येतो, एवढंच खात्रीनं सांगता येतं. नावापुढचं सीनियर-ज्युनियर बापलेकांचंच असेल असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की वयानं मोठ्याला सीनियर म्हणत. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारीतली तारीख दोन सालांनी लिहिलेली दिसते. दोन्ही सालं जशीच्या तशी उतरवा.

कित्येकांचं प्रकरण कोर्टात गेलंच नाही, हेही लक्षात असू द्या. ज्यांच्याकडे काही नव्हतं किंवा ज्यांनी हयातीतच वाटून टाकलं, ते या दप्तरात नसतील.

कोर्ट जळालं असेल तर शोध थांबत नाही. ऑक्टोबर १८७१ च्या शिकागोच्या आगीत कुक काउंटीचं कोर्टघर दप्तरासह गेलं. अशा ठिकाणी मृताकडून पैसे येणं असलेल्यांसाठी वर्तमानपत्रांत छापलेल्या नोटिसा, शेजारच्या काउंटीतली खरेदीखतं, कराच्या याद्या आणि केंद्र सरकारचे कागद वापरा. यादवी युद्धात वारलेल्या सैनिकाच्या १६ वर्षांखालील मुलांना १८६२ च्या कायद्यानं पेन्शन मिळे, आणि त्यासाठी पालक नेमल्याच्या हुकमाची नक्कल जोडावी लागे. काउंटीतला मूळ हुकूम जळला तरी ती नक्कल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असू शकते.

सराव आणि नक्कल मागवणं

पहिल्या सरावासाठी मराठी माणसानं एक घराणं घ्यावं असं सुचवतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेत लेकीसारखं सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या आणि त्यांची रक्षा कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथं ठेवली गेली. म्हणजे शोधाला दोन राज्यं आली. रोझेल युनियन काउंटीत. ही काउंटी १८५७ मध्ये एसेक्स काउंटीतून निघाली, तेव्हा त्याआधीच्या पिढीसाठी एसेक्सचं दप्तर. पकीप्सी डचेस काउंटीत. दोन्हीकडे कोर्टाचं नाव सरोगेट, पण दप्तराची मांडणी वेगळी. वर सांगितलेल्या प्रत्येक पायरीचा सराव यात होतो.

नक्कल मागवताना क्लार्कला मृताचं नाव, अंदाजे साल, आणि सूचीत मिळाला असेल तर फाइल क्रमांक किंवा वहीचा खंड आणि पान कळवा. फक्त मृत्युपत्र हवं असं लिहू नका. संपूर्ण पाकीट हवं, मागच्या बाजूच्या शेऱ्यांसह, असं स्पष्ट लिहा, आणि किती पानं व किती फी ते आधी विचारा. पालकत्वाची फाइल पुष्कळदा वेगळ्या क्रमांकाखाली असते, ती वेगळी मागावी लागते. अलीकडच्या काळातली पालकत्वाची आणि दत्तकाची प्रकरणं बहुतेक राज्यांत बंद असतात, तिथं क्लार्क नकार देईल आणि तो रास्त आहे. कागद हाती आला की त्याच क्षणी त्याच्या छायाचित्राला राज्य, काउंटी, कोर्ट, वही किंवा फाइल, पान आणि पाहिल्याची तारीख असं पूर्ण नाव द्या.